फोर्लीच्या भिंतीवरचं नाव

नातवाचा, गौतमचा, फोन दुपारी दोनला येणार होता, आणि आनंदीबाई सकाळी सातलाच इरकल नेसून, केसांना तेल लावून तयार होऊन बसल्या होत्या. मालनने एकदा सांगून पाहिलं, ‘‘आई, अजून सात तास आसत. जरा पडा.’’ त्यावर सासूबाईंनी सुनेकडे अशा काही नजरेने पाहिलं की मालनने नाद सोडला आणि मुकाट्याने डब्यात काजूची उसळ भरायला घेतली. ब्याऐंशीव्या वर्षी लग्नाला निघाल्यासारखी ही तयारी. पण बोलायची सोय नव्हती.

निघायचं होतं हितेंद्रकडे. परळहून लालबाग, टॅक्सीवाला तोंड वाकडं करतो इतकंच अंतर. हितेंद्र म्हणजे आनंदीबाईंच्या चुलतभावाचा मुलगा, गणपतकाकांचा नातू. ज्या चाळीत गणपतकाकांनी बिनबापाच्या आनंदीला वाढवलं, तिच्या जागी आता बत्तीस मजली टॉवर उभा आहे आणि त्यात बाविसाव्या मजल्यावर हितेंद्र राऊळ राहतो. गेल्या गणपतीत याच हितेंद्रने भरल्या पंगतीत म्हटलं होतं, ‘‘लढाईतून पळालेल्या माणसाचं नाव दगडावर कोण कोरणार, आत्ये? गौतमचा वेळ कशाला घालवतेस?’’ आनंदीबाई अर्ध्या पानावरून उठल्या होत्या. मालनने तर तेव्हापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आणि तरी आज बैठक त्याच्याच घरी. कारण आनंदीबाईंचाच हट्ट. ‘‘तेच्या घरात, तेच्या टीव्हीर दिसूक व्हया. तेनाच डोळ्यान बघूक व्हया.’’

पळपुट्याची मुलगी. मूळ गावी, खारेवाडीत, हेच नाव पडलं होतं त्यांना. बाप सीताराम राऊळ सन त्रेचाळीसला पलटणीत गेला तो गेलाच. सरकारचा कागद नाही, तार नाही, आलं ते एकच पत्र, त्यात इटलीतल्या चिखलाचं वर्णन. बाकीच्यांच्या घरी तारा आल्या, रडारड झाली, तेराव्याला भात शिजला. राऊळांकडे काहीच नाही. मग कोणीतरी म्हणालं, पळाला असेल. मग कोणीतरी गोरी बायकोही जोडून दिली. आनंदीबाईंची आई भागिरथी हे सगळं ऐकत राहिली आणि मरेपर्यंत रोज सकाळी कपाळाला कुंकू लावत राहिली.

गौतम क्रूझवर स्वयंपाकी. दोन वर्षांपूर्वी जहाज नेपल्सला लागलं तेव्हा बरोबरच्या सावंतवाडीच्या पोराने त्याला गळ घातली होती, माझ्या पणजोबांचं नाव तिथल्या कुठल्या स्मारकावर आहे म्हणतात, तुला सुट्टी आहे तर फोटो काढून आण. गौतमने आणला. तो फोटो सावंतवाडीत इतक्या फोनवर फिरला की महिन्याभरात त्याच्याकडे अकरा नावं आली. आता शंभरावर झाली होती. जहाज कुठल्याही बंदराला लागलं की कोकणातल्या कुठल्यातरी घरी कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेलं असायचं. स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत गौतमने सीताराम राऊळ हे नाव नाना तऱ्हांनी शोधलं होतं. मिळालं नव्हतं. पण आज जहाज रावेन्नाला लागणार होतं, तिथून तासाभरावर फोर्ली, आणि फोर्लीत मराठा पलटणीची भिंत. आनंदीबाई म्हणाल्या, यादी गेली खड्ड्यात, तू भिंत बघ.

दार अक्षदाने उघडलं. हितेंद्रची मुलगी, यंदाच वकील झालेली. ‘‘आजी! कसली दिसतेस! अगं, पप्पा सकाळपासून येरझाऱ्या घालतायत, तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त टेन्शन आलंय.’’

‘‘मला कसलं टेन्शन,’’ हितेंद्र आतून म्हणाला, आणि पुढे येऊन वाकून नमस्कार केला. ‘‘ये आत्ये. बस. दीपिका कॉटन ग्रीनला माहेरी गेलीय, चहा मीच करतो. मालन वहिनी, या.’’

मालनने डबा ओट्यावर ठेवला. ‘‘चाय व्हयी कोणाक. टीव्ही लावा.’’

समोरच्या भिंतीवर टीव्ही आणि त्याच्या वरच गणपतकाकांचा मोठा फोटो. टोपी, भरघोस मिशा, ताजा हार. खाली पितळी पट्टी: गणपत शिवा राऊळ. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, गणपती मंडळाचे पहिले अध्यक्ष, ज्यांच्या शब्दावर अख्खी चाळ उठायची आणि बसायची. आनंदीबाईंनी फोटोला हात जोडले. त्यांना आबा म्हणत आलेल्या त्या. कन्यादानही त्यांनीच केलं होतं.

दोन वाजून चार मिनिटांनी टीव्हीवर गौतम दिसला. डोक्यावर कानटोपी, मागे हिरवळ, ओळीने पांढरे दगड आणि उंच काळपट झाडं. वाऱ्याने त्याचा आवाज फाटत होता.

‘‘आजी! पोचलो! दिसतोय का?’’

‘‘दिसतंस रे, दिसतंस! कानार घे ती टोपी!’’

‘‘माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत. टॅक्सी उभी ठेवलीय. आधी कसाल गावच्या दोघांचे फोटो उरकतो, मग आपलं.’’

‘‘आधी आपला बघ मेल्या! कसालचे खय पळतत?’’

‘‘त्यांना शब्द दिलाय गं. त्यांची म्हातारी पण अशीच बसलीय.’’

आनंदीबाईंना राग आला होता, आणि नातवाचा अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही एकदम आल्याने त्यांनी मालनच्या मांडीवर जोरात चापट मारली.

भिंतीवरची नावं इंग्रजीत कोरलेली, पण ऐंशी वर्षांच्या पावसाने अक्षरं दगडात मिसळून गेलेली. समोरून फोटो काढला तर नुसता पांढरा दगड येतो. गौतमने पिशवीतून जहाजातली स्टीलची थाळी काढली, टॅक्सीवाल्याच्या हातात दिली आणि खुणेने त्याला भिंतीच्या कडेला उभं केलं. उन्हाची तिरीप थाळीवरून आडवी भिंतीवर पडली आणि अक्षरांच्या पोटात काळी सावली भरली. जिथे काही नव्हतं तिथे नावं उमटली.

‘‘आई शप्पथ,’’ अक्षदा म्हणाली.

‘‘असो फोटो काढतत?’’ हितेंद्र पुढे सरकून बसला. त्याच्या तोंडून मालवणी निघाली म्हणजे तो खरोखर रमला होता. ‘‘थाळी जरा खाली घ्या! खाली!’’

‘‘त्यांना मराठी येत नाही, पप्पा.’’

कसालचे दोघे झाले. मग गौतम ‘एस’वर आला. कॅमेरा हळूहळू सरकू लागला आणि घरात कोणी श्वास घेईना. सीताराम जाधव. सीताराम कदम. सीताराम पालव. सीताराम शिर्के. आणि मग एकदम सोनू कोणीतरी.

गौतमने परत वरून खाली नेलं. परत चारच.

‘‘आजी,’’ तो म्हणाला, आणि कॅमेरा खाली गवताकडे झुकला.

आनंदीबाईंना एकदम थकवा आला. इरकल जड वाटायला लागली. ऐंशी वर्षं लोक म्हणत होते ते खरं, असंच ना? हितेंद्रने पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला आणि तिथेच खाली बसला. मालनने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे रागाने पाहिलं नाही.

‘‘सगळी वाच,’’ आनंदीबाई म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘सगळी नावां वाच. वरसून. सरकारी यादी कधी सरळ असता? रेशनच्या यादीत माझा नाव तीन वर्सां बापयांच्यात, पुरुषांच्या रकान्यात होता.’’

‘‘आजी, शेकडो नावं आहेत.’’

‘‘तर मगे बोलत कित्याक रवलंस? वाच!’’

गौतम वाचायला लागला. थाळी पुढे, तो मागे, आणि बाविसाव्या मजल्यावर एकेक नाव येऊन पडू लागलं. अर्जुन मोरे. बाबू गवस. बाळा धुरी. भिकाजी सावंत. मालन तोंडातल्या तोंडात म्हणत होती, गवस आमच्या बाजूचे, धुरी कुडाळचे असतले. अक्षदाने हात जोडले होते, का ते तिलाही सांगता आलं नसतं. धोंडू पवार. गंगाराम चव्हाण. गणपत राऊळ.

गौतम पुढचं नाव घेऊन थांबला. मागे आला.

‘‘गणपत राऊळ,’’ तो पुन्हा म्हणाला.

टीव्हीवर तिरप्या उन्हात ते नाव उभं होतं आणि त्याच्या बरोबर वर, भिंतीवर, टोपी घातलेले गणपत राऊळ सगळ्यांकडे बघत होते.

हितेंद्र हसला. मोठ्याने आणि जरा लवकरच. ‘‘नावासारखी नावं असतात रे. कोकणात दर दोन घरांआड एक गणपत.’’

‘‘राऊळ पण?’’ अक्षदा म्हणाली.

‘‘राऊळ काय कमी आहेत?’’

‘‘दाराशी नोंदवही असते,’’ गौतम पळतच सुटला होता, पडद्यावर आभाळ, गवत, बूट असं सगळं हलत होतं. ‘‘भिंतीत कपाट असतं, त्यात. त्यात बापाचं नाव लिहितात, गाव लिहितात. एक मिनिट. एकच मिनिट.’’

ते मिनिट आनंदीबाईंना त्रेचाळीस सालापासूनचं वाटलं. कपाटाचं दार करकरलं, पानं उलटली. गौतमने बोट ठेवून इंग्रजीत वाचलं, आणि अक्षदा त्याच्यामागून मराठीत सांगू लागली. ‘‘शिपाई गणपत राऊळ, मराठा पलटण. बारा डिसेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. वय वीस. शिवा राऊळ यांचा मुलगा…’’ ती अडखळली. ‘‘गाव खारेवाडी, मालवण.’’ तिने वडिलांकडे पाहिलं. ‘‘पप्पा, बायकोचं नाव पण आहे. भागिरथी.’’

मग आनंदीबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ती माझी आवस.’’

आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू, मालनचा हात धरून त्या गदागदा हलत होत्या. ‘‘नाव भावाचा सांगल्यान गो! भरतीचो कागद थोरल्याचो, आणि गेलो धाकटो! पण बायल विचारल्यानी तेव्हा खोटा बोलवला नाय तेका! स्वताचीच सांगल्यान!’’

हितेंद्र उठला होता. ‘‘थांब आत्ये. थांब. म्हणजे माझा आजोबा भरती होऊन घरी बसला, आणि भावाला धाडलं? असं म्हणायचंय तुला?’’

‘‘मी नाय म्हणत. ती वही म्हणता.’’

‘‘वहीत चूक असेल! साहेबाने घाईत काहीतरी लिहिलं असेल!’’

‘‘पप्पा, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, आणि बायको तेवढी चुकून भागिरथी? कोर्टात हसतील आपल्याला.’’

‘‘तू गप्प बस! तुझा पण पणजोबा आहे तो!’’ हितेंद्रचा आवाज चिरला. ‘‘मग तार? माणूस मेला तर तार येते. कोणाच्या नावाने आली असेल?’’

उत्तर त्याच्याच तोंडात आलं होतं. गणपत राऊळ मेले अशी तार खारेवाडीत आली, आणि ती घ्यायला गणपत राऊळ स्वतः दारात उभे होते.

आनंदीबाईंचं हसू थांबलं. त्यांना आठवलं ते चाळीतलं सर्वपित्रीचं जेवण. आबा स्वतःच्या हाताने दोन पानं वाढायचे. एक शिवाआजोबांचं, आणि एक आणखी. लहानपणी त्यांनी विचारलं होतं, आबा, ह्या कोणाचा? आबा म्हणाले होते, वाटेवरच्याचा. आणि त्या पानावर ते भजी जास्त वाढायचे. आत, चुलीशी, कपाळभर कुंकू लावलेली आई तीच भजी तळत असायची.

‘‘तेका म्हायत होता,’’ त्या म्हणाल्या. आता आवाजात हसू नव्हतं. ‘‘माझी आवस दाराकडे बघत मेली, हितू. चाळीस वर्सां. जिन्यार पावलां वाजली की पदर नीट करी. ह्या माणसाक म्हायत होता, आणि ह्यान तिका भजी तळूक लावली.’’ त्यांनी फोटोकडे बोट केलं. इतका राग त्यांना आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

आता हितेंद्रच्या बाजूने कोणी बोलेल असं वाटत नव्हतं. बोलली ती मालन.

‘‘आई, खरा सांगल्यानी असतां तर तेंका तुरुंगात घातल्यानी असतां. खोट्या नावान भरती केल्यानी म्हणान. मगे तुमका कोणी वाढवल्यानी असतां? तुमच्या आवशीक कोणी पोसल्यानी असतां?’’

‘‘तू तेच्या बाजून?’’

‘‘मी कोणाच्याच बाजून नाय. भियालो माणूस. दोनदा भियालो. पयल्यांदा लढाईक, मगे सरकाराक. पण तुमका तेनी टाकूक नाय.’’ मालनने पदराने डोळे पुसले. ‘‘ह्या आता हितूभावोजींका भोगूक लावू नुको.’’

हितेंद्र खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. साठीला आलेला माणूस, पण पाठमोरा बघितला तर शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा. तो वळला आणि आनंदीबाईंच्या पायाशी बसला. ‘‘आत्ये, मी पळपुटा म्हटलं होतं. सगळ्यांसमोर.’’

‘‘म्हटलं होतंस.’’

‘‘काय करू सांग.’’

‘‘आजी!’’ टीव्हीतून गौतम ओरडला. सगळे त्याला विसरूनच गेले होते. तो परत भिंतीपाशी आला होता आणि रडत होता, कानटोपीनेच नाक पुसत. ‘‘बारा मिनिटं राहिलीत! जहाज सुटलं तर नोकरी गेली! फोटो झाले, आठ काढले. अजून काय करायचं असेल तर आत्ता सांगा!’’

आनंदीबाईंनी एकदा फोटोतल्या आबांकडे पाहिलं, एकदा खाली बसलेल्या त्यांच्या नातवाकडे. राग गेला नव्हता. तो कदाचित जाणारही नव्हता. पण बारा मिनिटं रागाला द्यायची नव्हती.

‘‘गाऱ्हाणा घाल,’’ त्या हितेंद्रला म्हणाल्या. ‘‘राऊळांच्या मुळाचो तूच एक बापयो उरलंस. सगळा सांग देवाक. काय एक लपवू नुको.’’

हितेंद्र उठला. हात जोडले. मंडळाच्या मांडवात शेकडो माणसांसमोर खणखणीत गाऱ्हाणी घालणारा हा माणूस. आज त्याने हळूच सुरुवात केली.

‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’ मालन आणि अक्षदा एकदम म्हणाल्या. टीव्हीतून गौतमही म्हणाला, आणि थाळी धरून उभा असलेला टॅक्सीवाला दचकला.

‘‘खारेवाडीच्या शिवा राऊळाचो धाकटो झिल, सीताराम! थोरल्या भावाच्या नावान लढाईक गेलो! पळूक नाय, लपूक नाय, ईस वर्साचो पोर थयच पडलो, म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

‘‘थोरलो भियालो. माझो आजो.’’ हितेंद्रचा आवाज आता सुटला होता, खिडकीच्या काचा भरून वाजत होता. ‘‘मेल्याची तार लपवल्यान, भावजयेक खोटी आशा दाखवल्यान. तेच्या चुकीची मापी आज तेचो नातू मागता. आणि ज्या तोंडान ह्या मर्दाक पळपुटो म्हटला, ता तोंड माझा, म्हाराजा! आजपासून राऊळांच्या घरात तेचा नाव पयला लागात, मगे माझ्या आज्याचा. तेका वाट दाखय, तेच्या मुळात आणून सोड, म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

आनंदीबाईही म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या. त्यांच्या छातीत जे धडधडत होतं ते दुःख नव्हतं. बाप सापडला होता. ब्याऐंशी वर्षांनी, भर दुपारी, लालबागमध्ये.

‘‘गौतम, फोन तेच्या नावाक लाव.’’

‘‘लावतो. लाव म्हणजे अगदी?’’

‘‘अगदी. कानाक लावतत तसो.’’

बोटभर अंतरावरून पडदाभर दगड आला. अक्षरं अक्षदाच्या तळहाताएवढी झाली. टॅक्सीवाल्याने न सांगता थाळी तिरपी केली आणि ती काळी, ठसठशीत दिसू लागली. आनंदीबाई मालनचा हात सोडून उठल्या, इरकलीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. एक शब्द त्यांनी आयुष्यात कोणाला उद्देशून वापरला नव्हता. काकांना आबा म्हटलं, सासऱ्यांना मामंजी. तो शब्द तोंडात आला तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली, आणि मग वाटेनाशी झाली.

‘‘बाबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी आनंदी. तुमचा चेडू. तुमी गेलास तेव्हा मी पोटात आसंय ह्या आवशीकच म्हायत नव्हता, तुमका खयसून असतला. तुमी ईस वर्साचे आणि मी ब्याऐंशीची, तेव्हा आता माझाच आयकूक व्हया. घाई करू नुको. आवशीचा सांगतंय, मगे माझा सांगतंय, सगळा पयल्यापासून सांगतंय. बसा.’’